न चाललेलं नाणं

काकांची मला किळस यायची, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे माझ्याकडून समतोल वगैरेची अपेक्षा कुणी ठेवायला नको. माणूस निर्व्यसनी, भरपूर शिकलेला, एका मोठ्या कंपनीच्या प्रयोगशाळेत चांगल्या हुद्द्यावर. मंडळाच्या गणपतीला आरती खणखणीत आवाजात म्हणणारा. तरी ते समोर जेवायला बसले की माझा घास तोंडात फिरायचा.

ऐंशीच्या दशकाच्या मधली ती वर्षं. मी न्यू जर्सीत पीएच.डी. करत होते आणि वेस्ट विंडसरला त्यांच्या घराच्या बेसमेंटमध्ये भाड्याने राहत होते. काकूंना हॉस्पिटलच्या लॅबमध्ये दुपारची शिफ्ट असे, आणि त्यांची मुलगी शाळेतून आल्यावर घरात कुणीतरी मोठं माणूस हवं, म्हणून मला खोली स्वस्तात मिळाली होती. मुलगी तेव्हा नऊ-दहा वर्षांची. मराठी सगळं समजायचं, उत्तर मात्र इंग्रजीत यायचं. माझ्या दुसऱ्या वर्षी काकांची आई कराडहून तिथे कायमची राहायला आली. मीही त्यांना आजीच म्हणायचे.

काकांना नाद होता जुन्या जर्मन संस्थानांच्या सोन्याच्या नाण्यांचा. आपल्याकडे कशी सांगली, जमखंडी, औंध, फलटण अशी जवळजवळ चिकटून संस्थानं होती, तशीच तिकडेही होती म्हणे. प्रत्येकाचा राजा नाहीतर ड्यूक वेगळा, आणि प्रत्येकाला आपलं तोंड नाण्यावर हवं. नवं नाणं काढायचं ठरलं की टांकसाळीत आधी दोन-चार नग पाडून बघायचे आणि राजाला दाखवायचे. राजेसाहेबांना स्वतःचं नाक आवडलं नाही, दाढी नीट उठली नाही, की ते बाद. अशी नुसती दाखवायला पाडलेली नाणी म्हणजे पॅटर्न. बाजारात ती कधी आलीच नाहीत, त्यांनी कुणी पाव विकत घेतला नाही की कुणाची मजुरी चुकवली नाही. म्हणूनच ती दुर्मिळ.

"पॅटर्न म्हणजे नमुना," काका प्रत्येक पाहुण्याला समजावून सांगत. "नमुना म्हणजे काय, कळतंय ना?"

मला चांगलंच कळायचं. तो माझ्यासमोर पांढरे हातमोजे घालून उभा असायचा.

हे हातमोजे सुती होते, आणि ते काकू हाताने धुवायच्या, कारण मशीनमध्ये टाकले तर साबणाचा कण राहील आणि नाण्याला ओरखडा पडेल. जेवणं झाली, श्रीखंडाच्या वाट्या चाटून झाल्या, की काका हात धुवायचे, मोजे चढवायचे आणि स्टडीतून एक निळी मखमली पेटी घेऊन यायचे. नाणं दोन बोटांनी, कडेने धरायचं. बघणाऱ्याने तोंडाशी रुमाल धरायचा. "बोलू नका हं त्याच्यावर, थुंकी उडते. आणि हात तर लावूच नका. बोटांचे डाग पडतात. जन्माचे." एका बिचाऱ्या नवीन लग्न झालेल्या मुलीला शिंक आली, तर या गृहस्थांनी नाणं छातीशी धरून तिच्याकडे पाठ फिरवली. ती मुलगी पुढे सबंध वेळ स्वयंपाकघरात जाऊन बसली. हेच काका चिवड्याच्या डब्यात उष्टा हात घालायचे, दाण्याची सालं कार्पेटवर फुंकायचे आणि बेसिनमध्ये असा खाकरा काढायचे की मला खाली बेसमेंटमध्ये ऐकू यायचा.

आजींचे गुडघे गेले होते. दारापुढच्या पायऱ्या त्या आडव्या पावलांनी, कठडा धरून उतरत. एकदा ग्रोसरीच्या पिशव्या घेऊन काका त्यांच्या मागे अडकले होते. "आई, जरा लवकर," एवढंच म्हणाले. मी पुढे होऊन आजींचा दंड धरला. दोन बोटांनी नव्हे, चांगला पंजाने. काका आमच्या बाजूने वाट काढून आत गेले.

आजी आल्या तेव्हा त्यांच्या हातात पाटल्या होत्या. पिळाच्या, सांध्याशी एक लहानशी कैरी काढलेली, अशा. त्यांच्या आईच्या पाटल्या नमुना म्हणून सोनाराला दाखवून त्यांनी लग्नानंतर स्वतःच्या घडवून घेतल्या होत्या. आईच्या पुढे भावांच्या वाटणीत मोडल्या गेल्या, नमुन्यावरच्या राहिल्या. या पाटल्या नातीच्या हातात आपण स्वतः चढवायच्या, आपल्या जिवात जीव आहे तोवर, एवढी एकच गोष्ट आजींना अमेरिकेत करायची होती. बाकी त्यांना ना नायगारा बघायचा होता ना डिस्नेचा उंदीर. नातीलाही ते ठाऊक होतं. ती मनगटाला रबरबँड गुंडाळून आजींपुढे हात नाचवायची आणि विचारायची, "आजी, लाइक धिस?" आजी म्हणायच्या, "दिवाळीला, बाळा."

पण आल्याच्या दुसऱ्या दिवशी काकांनी पाटल्या आजींच्या हातातून काढून घेतल्या. साबण लावून काढाव्या लागल्या, मनगट लाल झालं.

"इथं असं सोनं घालून कुणी हिंडत नाही, आई. बँकेत लॉकर आहे, त्यात सेफ राहील."

"अरे, मी कुठं हिंडते?"

"तरी पण."

आजींनी दिल्या. मुलगाच घेतोय म्हटल्यावर काय विचारायचं? पुढे दर पंधरवड्याला त्या आठवण करायच्या आणि दर वेळी काका "हो हो, आणू की" म्हणून पेपरात डोकं घालायचे.

त्या उन्हाळ्यात काका न्यू यॉर्कला एका लिलावाला गेले आणि परत आले ते नव्या नवऱ्यासारखे चेहऱ्यावर तेज घेऊन. मोठं नाणं मिळालं होतं, आपल्या जुन्या चांदीच्या रुपयाहून मोठं. कुठल्याशा चिमुकल्या संस्थानाच्या ड्यूकचं. मुळात चांदीत काढायचं नाणं, पण ड्यूकसाहेबांना दाखवण्यासाठी सोन्यात पाडलेलं आणि मग रद्दच झालेलं. आरशासारखा पृष्ठभाग आणि त्यावर वयाने चढलेली लालसर झाक. त्या झाकेवर काका पाऊण तास बोलले. नाण्यावरचा माणूस दुहेरी हनुवटीचा, ओठ ओले असल्यासारखा. मला तो काकांचाच कुणी चुलता वाटला. त्याच्यासाठी खास जेवण झालं, लोकांना बोलावणी गेली, आजींनी खुर्चीवर बसून पुरणपोळ्या लाटल्या.

मोजे, रुमाल, सगळं यथासांग झालं. आजींनीही लांबून पाहिलं.

"काळवंडलंय की रे," त्या म्हणाल्या. सगळे हसले. काकाही हसले, पण त्यांना ते आवडलं नव्हतं.

दिवाळी आली. आपल्याकडे लक्ष्मीपूजनाला घरातलं सोनं देवीपुढे मांडतात, हे काही मी कुणाला सांगायला नको. आजींनी चार दिवस आधी काकांना गाठलं. मी तिथेच टेबलाशी बसून पेपर वाचत होते.

"पाटल्या आणशील ना? पूजा झाली की लगेच पोरीच्या हातात घालते."

"बघतो. बँक बंद असते गं त्या दिवशी."

"दिवाळीची सुट्टी असते होय इथल्या बँकेला?"

काका उठून थर्मोस्टॅट खालीवर करत बसले. इतकं थुलथुलीत खोटं मी तोवर ऐकलं नव्हतं. काहीतरी पाणी मुरतंय हे मला त्याच क्षणी कळलं. आजींना कळलं की नाही, सांगता येत नाही. त्या फराळाला लागल्या.

लक्ष्मीपूजनाला मी लॅबमधून लवकर आले. काकू कामावर, काका अजून यायचे होते. लिव्हिंग रूममध्ये टीव्हीच्या बाजूला चौरंग मांडलेला, समया, झेंडूची फुलं नाहीत म्हणून ग्रोसरीतली पिवळी शेवंती. ताम्हनात एक लखलखीत सोनेरी चकती, तिच्यावर हळद, कुंकू, अक्षता. कुंकू नेमकं ड्यूकच्या कपाळावर. ते ओल्या ओठाचं सोंग एखाद्या जावयासारखं ओवाळून घेत बसलं होतं. मला हसू फुटलं.

"आजी, हे कुठून आणलंत?"

"पोरीनं दाखवलं. घरात सोन्याचं सगळ्यात मोठं हेच आहे म्हणाली. देवीपुढे सोनं नको का?" आजींचा चेहरा कामाने फुलून आला होता. "कसलं कळकट झालं होतं! रिठ्याच्या पाण्यात ठेवलं, तरी जाईना. मग तो पिवळ्या खोक्यातला खायचा सोडा आणि ब्रश घेऊन बसले. बघ कसं निघालंय."

खरंच निघालं होतं. दिव्याच्या उजेडात वळवलं की त्यावर केसासारख्या बारीक गोल गोल रेघा दिसत होत्या, घासून घासून उठलेल्या. मुलगी अभिमानाने म्हणाली, "आय हेल्प्ड!"  जे व्हायचं ते होऊन गेलं होतं, आणि खरं सांगायचं तर आतून मला गारेगार वाटत होतं.

काका आले. बूट काढले, चौरंगाकडे बघितलं आणि तसेच उभे राहिले. मग त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला तो माणसाचा नव्हता. समईला धक्का लागला, तेल कार्पेटवर सांडलं. नाणं उचललं, आणि या खेपेला मोजे घालायचंही भान राहिलं नाही. कुंकू बाहीने पुसलं आणि ते आईवर ओरडायला लागले. अडाणी, खेडवळ, अक्कल नाही, कुणी सांगितलं हात लावायला, काय आहे ते ठाऊक तरी आहे का. थुंकी उडत होती. त्याच नाण्यावर उडत होती. मुलगी सोफ्याच्या मागे जाऊन रडायला लागली.

"अरे, घासलं की काय झालं? सोनंच आहे ते," आजी म्हणाल्या. "झिजलं थोडं तर माझ्या पाटल्या मोड आणि भर करून घे."

"पाटल्या, पाटल्या! कुठल्या पाटल्या? त्या मोडूनच तर हे आणलं! तुझ्या पाटल्या यातच गेल्यात!"

बोलून गेल्यावर त्यांनाच ते ऐकू आलं असावं.  आजी चौरंगाशी बसल्या होत्या, त्यांना एकदम उठताही येत नव्हतं. त्यांनी मुलाकडे बघितलं, मग त्याच्या हातातल्या नाण्याकडे.

"म्हणजे माझंच सोनं मी घासत बसले होते होय रे?" त्या म्हणाल्या.

काका नाणं घेऊन स्टडीत गेले आणि दार लावून घेतलं. माफी नाही, काही नाही. मी आजींना उठवलं. पूजा तशीच राहिली.

काकू घरी आल्या तेव्हा मी जागीच होते. त्यांना सगळं सांगितलं तर त्या कार्पेटवरच्या तेलावर पावडर टाकत म्हणाल्या, "मी म्हटलं होतं ह्यांना, आईंना आधी सांगा म्हणून." म्हणजे यांनाही माहीत होतं. उन्हाळ्यापासून मोजे धूत होत्या आणि माहीत होतं. काकूंबद्दल मला तोवर बरं वाटायचं, तेही संपलं. त्या दिवसापासून मी त्यांच्या घरचा चहासुद्धा घेईनाशी झाले.

पुढचे दिवस घरात सुतक असल्यासारखे गेले. काका नाणं घेऊन न्यू यॉर्कच्या दुकानदाराकडे जाऊन आले. त्याने भिंगातून बघून मान हलवली म्हणे. नाणं घासलं की संपलं, झाक गेली ती गेली, आता सोन्याच्या भावाहून फार कुणी देणार नाही. काकांनी दाढी करणं सोडलं. फोनवर एकेकाला सांगायचे, "आमच्या आईनं वाट लावली." पाटल्यांचं अवाक्षर नाही. लोक हळहळायचे, तेही नाण्यासाठी. मंडळातले एक गृहस्थ तर समाचाराला आले, बर्फी घेऊन, आणि आजींनीच त्यांना चहा करून दिला.

शेवटी एका रविवारी नाश्त्याच्या वेळी काकांनी ते नाणं आणून आजींच्या ताटाशी आपटलं. मखमली पेटीही नव्हती आता. "घे. तूच ठेव पूजेला. मला बघवत नाही."

आणि वर चेहरा असा की केवढं दान केलंय. आजींनी नाणं उचललं, पदराच्या टोकाला बांधलं आणि पोहे खात राहिल्या.

थँक्सगिव्हिंग झाल्यावर त्यांनी मला विचारलं, "तुझ्या ओळखीचा सोनार आहे का गं इकडं कुणी?"

माझ्याकडे तेव्हा एक थकलेली गाडी होती, हीटर लावला की काचा धुरकटायच्या. जर्सी सिटीत एका गुजराती सोनाराचं दुकान होतं तिथे मी त्यांना घेऊन गेले. वाटेत मी त्यांना स्पष्ट सांगितलं की घासलेलं असलं तरी हे नाणं हौशी माणूस अजून घेईल, वितळवलं की सगळं संपेल, आणि काकांना आधी विचारलेलं बरं.

"त्यानं मला विचारलं होतं?" आजी म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघत बसल्या.

सोनाराने नाणं भिंगाखाली धरलं. "आंटी, ये तो बहुत पुराना लगता है। गलाना है, पक्का?"

"पुराना है," आजी आपल्या हिंदीत म्हणाल्या, "लेकिन कभी चला नहीं। किसीके काम को आया नहीं।"

नमुना विचारला तेव्हा त्यांच्यापाशी दाखवायला काही नव्हतं. त्यांनी सोनाराकडून पेन्सिल मागून घेतली आणि पावतीच्या मागे पिळाची रेघ काढली, सांध्याशी कैरी काढली. कैरीचं टोक कुठल्या बाजूला वळतं यावर त्या जरा थांबल्या, स्वतःच्या रिकाम्या मनगटावर बोट फिरवून पाहिलं आणि मग काढलं. सोनं एकाच पाटलीपुरतं होतं. त्याने ती एका बाजूने उघडणारी करून दिली, पोर मोठी झाली तरी थोडी वाढवता येईल अशी. थोडा तांब्याचा रंग राहिला होता तिच्यात. ड्यूक मात्र पार नाहीसा झाला. मला त्या वर्षात झालेला तेवढाच एक निर्भेळ आनंद.

संक्रांतीला आजींनी ती नातीच्या हातात चढवली. बाहेर बर्फ साचलेलं, शाळा बंद. पोरीने दिवसभर बाही वर सारून ठेवली होती, आणि दुधाचा ग्लाससुद्धा त्याच हाताने उचलत होती. काकू शिफ्टला जाताना पाटलीकडे बघून गेल्या.

संध्याकाळी काका आले ते तिळगूळ न खाताच गोड बोलत. दाढी केलेली, गाल चकचकीत. कोटावरचा बर्फ झटकत आईच्या शेजारीच येऊन बसले. दिवाळीनंतर पहिल्यांदा.

"आई, ते नाणं आण पाहू जरा. एक माणूस मिळालाय. त्याच्याकडे त्या संस्थानाचे बाकी सगळे पॅटर्न आहेत, हाच नाही. घासलेलं असलं तरी चालेल म्हणतोय. मग तुला पाटल्या करू. काय? चांगल्या जाड करू!"

इतक्या दिवसांनी त्या तोंडून पाटल्यांचं नाव आलं ते असं. 

आजींनी तिळगुळाची वाटी त्यांच्यापुढे सरकवली आणि हनुवटीने नातीकडे दाखवलं.

काकांना उमजायला वेळ लागला. मग ते उठून पोरीपाशी गेले, गुडघ्यावर बसले आणि तिचं मनगट धरलं. कडेने, दोन बोटांनी. दिव्याकडे उंच केलं, उलटं केलं, आतल्या बाजूने बघितलं. ड्यूकचं नाक, दाढी, काही उरलंय का ते शोधत होते की काय कोण जाणे. मुलगी म्हणाली, "बाबा, यू आर हर्टिंग मी." त्यांना ऐकूच गेलं नाही. त्यांनी दुसरा हात पुढे केला आणि पाटलीवर अंगठा घासला.

"हात लावू नकोस," आजी जागेवरूनच म्हणाल्या. "बोटांचे डाग पडतात."

आणि काकांनी खरोखरच हात मागे घेतला. मग सवयीने तो रुमालाला पुसला.